गाणं दहाला संपतं, मग माणसं घरी कशी जातात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडायला लागली की मोठ्या कार्यक्रमांच्या पानपानभर जाहिराती सुरू होतात. कोणी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गाणार, कोणी बीकेसीत, कोणी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिकिटाचे दर, कुठल्या रांगेतून किती दिसेल, खायला काय मिळेल, सगळं छापून येतं. रात्री दहाला कार्यक्रम सुटल्यावर बदलापूरच्या माणसाने घरी कसं जायचं, हे मात्र मी आजवर कुठे वाचलेलं नाही. त्यासाठी हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण हिशेबाचा भाग तेवढा ठेवा.

मी बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून लागलो आणि स्टार्टर म्हणून निवृत्त झालो. टर्मिनसवरच्या चौकीत बसून कुठली गाडी कधी सोडायची ते बघतो, तो स्टार्टर. गर्दी दिसली की ही माणसं कुठून आली यापेक्षा ती जाणार कुठे आणि किती वेळात, हेच आधी डोक्यात येतं. ती सवय काही सुटत नाही. लग्नाच्या हॉलमध्येही माझं लक्ष जिन्याकडे असतं, त्यावरून घरात चेष्टा होते.

गाण्याचं म्हणाल तर माझा कान भीमसेन आणि किशोरीताई ऐकून तयार झालेला. पण आमची धाकटी ऐरोलीला आयटीत आहे. तिच्याबरोबर मी आताशा या मोठ्या मैफलींना जातो आणि मला त्या आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर म्हातारा नव्या गाण्यावर चिडलाय असं व्हायचं. चाळीस हजार माणसं एका ठेक्यावर टाळ्या देतात तेव्हा अंगावर काटा येतो. ढोलाचा दणका छातीत बसतो, तोही दोन गाण्यांनंतर सवयीचा होतो.

गेल्या हंगामात महालक्ष्मीला गेलो होतो. कलाकार कोण, आयोजक कोण, हे मुद्दाम लिहीत नाही. गाणं उत्तम झालं. गाऱ्हाणं दहानंतरचं आहे.

शेवटचं गाणं झालं, दिवे लागले आणि सगळं मैदान एकाच दिशेला वळलं. आत येताना बरीच फाटकं उघडी होती, बाहेर पडायला आमच्या बाजूला एकच. तेही अर्धं, कारण उरलेल्या अर्ध्यात पाहुण्यांच्या मोटारी निघत होत्या. फाटकावरची काळ्या टीशर्टातली मुलं हातातली बॅटरी हलवून ‘चलो, चलो’ करत होती. स्टेशन कुठल्या बाजूला, असं एकाला विचारलं. तो म्हणाला, ‘काका, मी दिल्लीहून आलोय.’ त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला बारा तास उभं केलं होतं, मुंबईचा नकाशा कोणी दिला नव्हता.

बाहेर रस्त्यावर आणखी गंमत. इतकी माणसं एका जागी असली की मोबाइलचं नेटवर्क बसतं. नेटवर्क नाही म्हणजे ॲपवाली टॅक्सी नाही, लोकलचं तिकीट नाही, यूपीआय नाही, नकाशा नाही. बहुतेकांचे फोन दिवसभर व्हिडिओ काढून मरायला टेकलेले. काळी-पिवळीवाले मीटर टाकायला तयार नव्हते. दादरपर्यंत सोडायचे त्यांनी जे पैसे सांगितले तेवढ्यात पूर्वी माझ्या घरचा महिन्याचा किराणा आला असता. फुटपाथवर कोवळ्या वयाच्या पोरी चपला हातात घेऊन बसल्या होत्या. एकीच्या आईचा फोन लागत नव्हता आणि ती रडवेली झाली होती.

तिथे माझ्यातला स्टार्टर जागा झाला. कार्यक्रमाच्या माहितीचा एक जाडसर कागद होता, त्याच्या मागे धाकटीच्या पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘महालक्ष्मी स्टेशन सरळ पुढे. विरार, बोरिवली इथूनच. ठाणे, कल्याण दादरला बदला. पनवेल दादर, मग कुर्ला.’ तो कागद वर धरून उभा राहिलो. पाच मिनिटांत भोवती कोंडाळं झालं. ‘अंकल, डोंबिवली?’ ‘काका, नालासोपारा मिळेल का?’ ‘उलव्याला कसं जाऊ?’ शेवटची कर्जत, शेवटची कसारा कधी, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मुंबईत जन्मलेली पोरं, पण रात्री अकरानंतरची लोकल त्यांनी पाहिलेली नाही. स्टेशनकडे चालत जायला घाबरत होती, कारण सोबत कोणी नव्हतं. मग पंधरावीस जणांची टोळी करून आम्ही केशवराव खाडे मार्गाने स्टेशन गाठलं. धाकटी सगळा वेळ तोंड लपवून चालत होती. कळव्याला उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, पण लोकलनेच उतरलो.

आता हिशेब. चाळीस हजार माणसं धरा. बेस्टची साधी बस बसून-उभी मिळून साठ माणसं घेते. म्हणजे निव्वळ बसने मैदान रिकामं करायचं तर साडेसहाशेच्या वर फेऱ्या लागतील. एके काळी चार हजारांच्या वर असलेला बेस्टचा ताफा आज तीन हजारांच्याही खाली आला आहे. एवढ्या गाड्या एका रात्री कोणी देणार नाही आणि दिल्या तरी त्या रस्त्यावर उभ्या करायला जागा नाही. म्हणून ‘जादा बस सोडा’ एवढीच मागणी मी करणार नाही. बसने गर्दी फोडता येते, उचलता येत नाही.

उचलायचं काम लोकलचं. बारा डब्यांच्या गाडीत सकाळी आठला किती माणसं कोंबली जातात तो आकडा सोडून द्या. माणसासारखं उभं राहून तीन हजार धरले तर चाळीस हजारांना तेरा-चौदा गाड्या पुरतात. सगळे काही लोकलने जात नाहीत, बरेचजण स्वतःच्या मोटारीने येतात. रात्री साडेदहाला पश्चिम रेल्वेवर धीम्या गाड्या थोड्या थोड्या मिनिटांनी असतातच. म्हणजे दहाला सुटलेलं मैदान आणि शेवटची लोकल यांच्यामधल्या दोन तासांत निम्म्याहून जास्त काम आहे त्याच गाड्यांत होऊन जातं. कमी पडतात त्या ठाण्याच्या पुढे जाणाऱ्या दोन-तीन उशिराच्या गाड्या, तशीच एखादी विरारकडे आणि एखादी पनवेलकडे. बाकीचा सगळा गोंधळ फाटकापासून फलाटापर्यंतच्या रस्त्याचा. तिथे ना पाटी, ना दिवा, ना माणूस.

वानखेडेची मॅच सुटताना बघा. चर्चगेट हाकेच्या अंतरावर, तिथे चार फलाट आणि गाडी तिथूनच सुटणारी, म्हणून रिकामी लागते. दुसऱ्या अंगाला मरीन लाइन्स. गर्दी आपोआप दोन वाटांना फुटते. महालक्ष्मीला तसं नाही. तिथे जलद गाडी थांबत नाही आणि धीमी येते ती आधीच निम्मी भरलेली. नेरूळचं मैदान स्टेशनपासून चांगलं लांब आहे आणि दाराशी सायन-पनवेल महामार्ग. प्रत्येक मैदानाची अडचण वेगळी. ती परवानगी देताना बघायची असते, की माणसं रस्त्यावर आल्यावर?

कोणी म्हणेल, एवढ्या गर्दीची व्यवस्था सांगणं सोपं, करणं अवघड. अहो, हे शहर ती दरवर्षी करतं! अनंत चतुर्दशीला चौपाटीवरून परतणाऱ्यांसाठी मध्य आणि पश्चिम रेल्वे रात्रभर जादा लोकल सोडतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी आदल्या मध्यरात्रीपासून परळ-कल्याण, कुर्ला-पनवेल अशा खास गाड्या असतात. शिवाजी पार्कच्या त्या बंदोबस्तात मी अनेकदा उभा राहिलो आहे. लाखो माणसं येतात, रांगेत दर्शन घेतात, दादरहून परत जातात. कारण महिनाभर आधी महापालिका, पोलिस, रेल्वे आणि बेस्ट एका टेबलाशी बसलेले असतात.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ते सार्वजनिक, हे खाजगी. बरं, मग मॅरेथॉनचं काय? धावायला पैसे भरून नाव नोंदवावं लागतं, पुरस्कर्ते असतात, तरी धावपटूंसाठी पहाटेच्या खास लोकल असतात आणि असायलाच हव्यात. १९ जानेवारी २०२५ चा रविवार आठवून बघा. पहाटे मॅरेथॉन आणि त्याच संध्याकाळी नेरूळला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचा दुसरा कार्यक्रम. १८, १९ आणि २१ जानेवारी असे त्यांचे तीन दिवस होते. त्या वेळी आयोजकांनी रेल्वेशी बोलून गोरेगावहून नेरूळपर्यंत खास लोकल ठेवली होती, तिचं वेगळं तिकीट होतं. उत्तम काम. पुढच्या आठवड्यात अहमदाबादच्या कार्यक्रमांसाठी मुंबईहून खास रेल्वेगाड्याही गेल्या. म्हणजे करायचं म्हटलं की होतं. मग ते आयोजकाच्या मर्जीवर का सोडायचं? कार्यक्रम मोठा, नाव जगभर, कॅमेरे रोखलेले, तर गाडी मिळणार. नाव जरा कमी असलं तर बदलापूरवाल्याने रात्र फलाटावर काढायची?

त्या कोल्डप्लेच्या तिकिटांवरून किती रामायण झालं होतं ते आठवा. २२ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी विक्री सुरू झाली आणि कोट्यवधी लोक ऑनलाइन रांगेत. काळाबाजार, पोलिस चौकशी, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत. आत कसं शिरायचं यावर सगळा महाराष्ट्र भांडला. बाहेर कसं पडायचं, यावर एक तरी याचिका झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

‘खाजगी’ या शब्दाचाही एक जुना हिशेब बाकी आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला. मी तेव्हा अंधेरी स्टेशनबाहेर ड्युटीवर होतो. गाणं ऐकू आलं नाही, नुसता गडगडाट आणि मधूनच उठणारी आरोळी. त्या कार्यक्रमाचा करमणूक कर त्या वेळच्या सरकारने माफ केला होता. ग्राहक पंचायत कोर्टात गेली, वर्षानुवर्षं वाद चालला आणि शेवटी जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सव्वातीन कोटींच्या वरचा तो कर पुन्हा माफ केला. कर सोडताना कार्यक्रम सार्वजनिक आणि माणसं घरी पोचवताना खाजगी, हे कसं काय? आता तर पंतप्रधानांनीही जानेवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या भाषणात मुंबई-अहमदाबादच्या याच कार्यक्रमांचा दाखला देऊन अशा मैफलींच्या अर्थव्यवस्थेला देशात मोठा वाव असल्याचं सांगितलं. नवी मुंबईत सिडकोने मोठं बंदिस्त प्रेक्षागृह बांधायचं जाहीर केलं आहे. बांधा जरूर. पण नकाशावर रंगमंचाच्या आधी स्टेशनचा पूल आखा.

पुलाचं मी उगाच म्हणत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर तेवीस माणसं गेली. पाऊस, अरुंद जिना आणि एकाच वेळी आलेल्या गाड्यांची माणसं एकदम. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरची गर्दी आसरा घ्यायला आत घुसली आणि पायऱ्यांवर चौघं चेंगरून मेली. सपाट मैदानावर माणूस धक्का खाऊनही उभा राहतो, पायरीवर तो खाली जातो आणि मागचा त्याच्यावर. आमच्या वेळी वरिष्ठ सांगायचे, गर्दीला थांबवलंत तरी चालेल, पण जिन्यावर थांबवू नका.

रात्री दहाच्या नियमालाही माझा विरोध नाही. ३० एप्रिल २०२३ ला पुण्यात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम दहा वाजून गेले म्हणून पोलिसांनी थांबवला, तेव्हा बरीच आरडाओरड झाली. शेजारी राहणाऱ्या आजाऱ्याला आणि अभ्यास करणाऱ्या पोराला झोप हवी असते, नियम योग्यच आहे. एक मात्र खरं. पूर्वी सवाई गंधर्वची मैफल रात्रभर चाले, तेव्हा शेवटची बस चुकायचा प्रश्नच नव्हता. भैरवी झाली की माणसं चहा पिऊन पहिल्या बसने घरी जात. आम्ही मुंबईचे लोक तर तिथून थेट स्टेशनवर जाऊन सकाळची गाडी पकडायचो आणि तिच्यात झोपायचो. तो काळ गेला. आता सगळे एकाच क्षणी बाहेर पडतात, तेव्हा त्यांना थोडं थोडं सोडणं आलं.

त्यासाठी दहाला आवाज बंद करा, पण मैदान बंद करू नका. अकरा-साडेअकरापर्यंत दिवे चालू ठेवा, पाणी ठेवा, वडापाव-चहाचे स्टॉल उघडे ठेवा, संडास उघडे ठेवा. बायकांचे संडास तर आधी दुप्पट करा. कार्यक्रम चालू असताना धाकटी रांगेत उभी राहिली आणि परत आली तेव्हा तीन गाणी संपली होती. ज्याला घाई नाही तो अर्धा तास गवतावर बसेल, वडा खाईल, सावकाश निघेल. तेवढ्याने फलाटावरची निम्मी दाटी कमी होते. मोटारींना मात्र शेवटी सोडा. चालणारा आधी, चाकावरचा नंतर. सध्या नेमकं उलट चालतं.

दुसरं, तारीख ठरवताना रेल्वेला विचारा. कार्यक्रम शनिवार-रविवारी असतात आणि पश्चिम रेल्वेचा रात्रीचा जम्बो ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद, तोही बहुधा शनिवारीच. तिकीटविक्री चार-सहा महिने आधी सुरू होते, ब्लॉक मात्र जेमतेम काही दिवस आधी जाहीर होतो. सणासुदीला ब्लॉक रद्द होतो ना? मग मोठ्या कार्यक्रमाच्या रात्री एक आठवडा पुढे ढकलायला काय हरकत?

तिसरं पैशाचं. जादा गाडीचा खर्च रेल्वेने किंवा बेस्टने का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. त्यांनी सोसूच नये. लग्नाचं वऱ्हाड एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतं, पैसे भरतं, गाडी दाराशी येते. मैफलीच्या आयोजकाने तेच करावं आणि खर्च तिकिटात धरावा. पाच-सात हजारांच्या तिकिटात पन्नास-साठ रुपये कोणाला जड होणार नाहीत. चेन्नईत आयपीएलच्या सामन्याचं तिकीट दाखवून मेट्रोने मोफत जाता आलं आहे. जर्मनीतल्या कित्येक शहरांत तर मैफलीच्या तिकिटावरच त्या दिवसाचा बस-ट्रामचा प्रवास मिळतो. आपल्याकडे बीकेसीला आणि महालक्ष्मीला आता दाराशी मेट्रो-३ आली आहे. तिची शेवटची गाडी त्या रात्रीपुरती तासभर पुढे नेली आणि भाडं कार्यक्रमाच्या तिकिटात घातलं, तर फाटकावरची अर्धी मारामारी संपेल.

हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. आयोजक पोलिस, महापालिका, अग्निशमन यांच्या परवानग्या घेतोच. त्या अर्जात आणखी एक रकाना घालावा: कार्यक्रम सुटल्यावर किती माणसं, कुठल्या फाटकाने, कुठल्या स्टेशनला, किती वेळात. जोडीला रेल्वेचं आणि बस उपक्रमाचं पत्र. रकाना कोरा असेल तर परवानगी नाही. फाटकावर ‘स्टेशन या बाजूला’ अशी पाटी आणि शेवटच्या गाड्यांच्या वेळांचा एक मोठा फलक एवढं तरी उद्यापासून होऊ शकतं. छपाईला किती खर्च येतो ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

यंदाच्या हंगामाचे अर्ज आता कचेऱ्यांमध्ये पडलेच असतील. आपल्या वार्ताहराने संबंधित अधिकाऱ्यांना एवढं एकच विचारावं, परतीचं काय ठरलंय? आणि जे उत्तर मिळेल ते जाहिरातीच्या शेजारच्या पानावर छापावं. तोवर जाणाऱ्या पोराबाळांनी लोकलचं परतीचं तिकीट जातानाच काढावं, शंभराच्या दोन-चार नोटा खिशात ठेवाव्यात, आपल्या लाइनची शेवटची गाडी कागदावर लिहून न्यावी आणि पायात बूट घालावेत.

आपला,
एक निवृत्त बेस्ट स्टार्टर,
कळवा